बोक्यासाठी १२,००० चा कॅरियर, तोही हप्त्यावर?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेचार किलोचा बोका, वर्षातून दोन-तीनदा गाडीने नाशिक-पुणे, एरवी इंदिरानगरातून डॉक्टरांपर्यंत. १२,००० रुपयांचा ‘क्रॅश टेस्टेड’ कॅरियर सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा, की २,८०० चा कडक प्लास्टिकचा? माझं मत २,८०० च्या बाजूने आहे, पण पेटी नीट पारखून घ्यायची.

आधी हप्त्याचं. नो-कॉस्टमध्ये व्याजाइतकी सूट आधीच मिळते, पण बँक व्याज लावतेच आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता. १६ टक्के दर आणि १९९ रुपये प्रोसेसिंग फी धरली, तर सुमारे ३३० रुपये वर जातात. ते एक वेळ सोसता येईल. पण बोक्याच्या आजारपणासाठी काहीच बाजूला नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. बोक्यांची लघवी तुंबते तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. नळी घालून बऱ्याचदा दोन-तीन दिवस ठेवून घेतात, बिल हजारांत जातं. अशा वेळी कार्डाचं लिमिट हप्त्यांत अडकलेलं नको. म्हणून २,८०० रोख द्या आणि जो २,००० चा हप्ता भरणार होतात, तोच सहा महिने वेगळ्या बचत खात्यात टाका.

आता पेटी. बोक्याची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा. समजा लांबी ४२ आणि कोपरापर्यंतची उंची १४ सेंमी, तर ४२ अधिक ७, म्हणजे आतून ४९ सेंमी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट, उंची उभ्या बोक्याच्या कानाच्या टोकापर्यंत आणि वर अंथरुणाची जाडी. याहून फार मोठी घेऊ नका, ब्रेक लागला की तो आतल्या आत आपटतो. दार लोखंडी जाळीचं हवं आणि दोन्ही भाग नट-बोल्टने जोडलेले. नुसत्या क्लिपा असतील तर तिथेच पेटी उघडते. दुकानातच पाच किलो आट्याची पिशवी आत ठेवून हँडलने उचला आणि हलवा. सांधा फाकला किंवा दार वाकलं, तर परत ठेवा. पारदर्शक घुमटाची पाठपिशवी मात्र नकोच, एप्रिल-मेमध्ये ती आतून तापते.

गाडीत पेटी पुढच्या सीटमागे खाली, पाय ठेवायच्या जागेत ठेवा आणि सीट मागे सरकवून ती घट्ट बसवा. ती जागा खरेदीआधीच टेपने मोजा. पेटीवरून सीट बेल्ट आवळू नका. कंपनीने बेल्टसकट चाचणी केलेली नसेल, तर धडकेत तोच पट्टा प्लास्टिक चेपतो.

मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने नेण्याचा विचार असेल तर तो सोडा, चेअर कारमध्ये प्राणी सोबत नेता येत नाहीत.

पुण्याची फेरी दर आठवड्याला होऊ लागली, तर १२,००० चा पर्याय मी पुन्हा विचारात घेईन. तेव्हा विक्रेत्याला चाचणी कुणी केली, किती वजनावर केली ते विचारा. लेखी उत्तर आलं नाही, तर ती फक्त महाग पेटी आहे.