विहिरीच्या पाण्यात ‘हेवी मेटल’ आहेत का, हे खात्रीनं कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घर, परसात जुनी विहीर. आरओ विकणारा आला, दोन ग्लासांत सळ्या बुडवून करंट सोडला. विहिरीचं पाणी तांबडं-काळपट झालं, त्याच्या मशीनचं तसंच नितळ राहिलं. “बघा, किती हेवी मेटल आहेत,” म्हणाला. घरचे घाबरलेत. खरी तपासणी कशी करायची?

मी बेळगावात पाणी तपासणीचंच काम करतो. ह्या सळ्यांच्या खेळानं हबकलेले लोक आमच्याकडं कायम येतात, म्हणून आधी तोच निकालात काढू. त्यातली एक सळी लोखंडाची असते. करंट सोडला की ती झिजते आणि ग्लासात जो गाळ दिसतो तो त्या सळीचाच गंज असतो. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि पाणी नितळ राहतं. परत आला तर त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा सळ्या बुडवायला सांगा. तेही तसंच तांबडं होईल. माणूस बहुतेक चहाला थांबणार नाही.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार अंदाजानं दाखवतो, त्यातही वीज किती वाहते त्यावरून. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्याचा टीडीएस ३०० असेल आणि त्यात मर्यादेच्या पाचपट शिसं असेल, तरी मीटर ३००च दाखवणार. तांदळाचं पोतं काट्यावर ठेवून आत खडा आहे का ते विचारण्यातला प्रकार.

आता तुमच्या विहिरीत काय असू शकतं? खानापूरकडं जांभा आहे, ज्याचे चिरे आपण घराला लावतो. जांभ्याला रंगच लोहाचा, त्यामुळं तिथं पहिला संशय लोहावर आणि त्याच्या जोडीनं येणाऱ्या मँगेनीजवर. लोहाचं पाणी उपसताना नितळ दिसतं आणि बादलीत तासभर राहिलं की पिवळट-तांबूस होतं, कारण हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं बाहेर पडतं. चहा काळसर होतो, पांढऱ्या कपड्यावर डाग पडतात. मँगेनीज असेल तर डाग काळे. आयएस १०५०० ह्या भारतीय मानकात लोहाची मर्यादा सध्या लिटरला १ मिलिग्रॅम आहे, पूर्वी ०.३ होती. डाग ०.३च्या आसपासच दिसू लागतात, म्हणजे पाणी मर्यादेत असूनही धुणं तांबडं होऊ शकतं.

आर्सेनिकची भीती लोक बातम्या वाचून घेतात. कर्नाटकात ते सापडलंय ते रायचूर-यादगीरच्या सोन्याच्या पट्ट्यात, आणि युरेनियम कोलार-चिक्कबळ्ळापूरकडच्या ग्रॅनाइटातल्या खोल बोअरांत. आपल्याकडचा खडक वेगळा. तुमच्या जागी मी त्यावर पहिला पैसा घालणार नाही. अथणी-रायबागकडून कुणी विचारलं असतं तर मी धातू सोडून नायट्रेट आणि खारेपणा आधी बघा म्हटलं असतं. ऊस, खत आणि कृष्णाकाठची खारवट जमीन. विहीर उद्यमबाग किंवा मच्छेसारख्या कारखान्यांच्या भागाजवळ असती तर क्रोमियम, निकेल, जस्त, शिसं लावायला सांगितलं असतं, कारण प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामाचं, पाणी जमिनीत मुरलं तर हेच धातू येतात.

शिसं मात्र सगळ्यांनीच एकदा बघावं, आणि ते विहिरीत नव्हे, घरातल्या पाइपात शोधावं. पितळी नळ, जुने जीआय पाइप, जुने पीव्हीसी पाइप. पीव्हीसीत शिशाचं स्टॅबिलायझर घालायचे, त्यावर केंद्राचा नियम २०२१ साली आला. तुमचं फिटिंग त्याआधीचं असणार. विहिरीत गणपती सोडायची पद्धत असेल तर तेही सांगा. जुन्या रंगांत शिसं, कॅडमियम असायचं आणि गाळ वर्षानुवर्षं तळाशीच राहतो.

म्हणून नमुने दोन घ्या. एक सकाळी, रात्रभर कुणी नळ सोडला नसताना, स्वयंपाकघरातल्या नळाचं अगदी पहिलं पाणी. दुसरा थेट विहिरीतून. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात नाही, तर विहीर निर्दोष आहे, प्लंबर बोलवा. विहिरीतून पाणी काढताना प्लास्टिकची बादली आणि सुती दोर. जस्ती बादली नको, आणि तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं पाणी तर मुळीच नको (लोक आणतात, आणि मग तांबं सापडलं म्हणून पुन्हा घाबरतात). पावसानंतर लगेच घेऊ नका. वैशाखात पाणी तळाला गेलेलं असताना धातू जास्त दिसतात, एकच तपासणी करणार असाल तर तेव्हा.

बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. धातूंसाठी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि आकडा कमी येतो. ती बाटली विसळायची नाही, आतलं आम्ल हाताला लागू द्यायचं नाही. मिनरल वॉटरची रिकामी बाटली भरून आणली तर शिशाचा आकडा मी तरी खरा मानणार नाही.

कुठं द्यायचं? आधी ग्रामपंचायतीत पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) भेटा. जलजीवन मिशनचा फील्ड किट असतो, त्यात लोह, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड जागेवर कळतं. लोहापुरतं तेवढं पुरे. शिसं, कॅडमियम असं काही हवं असेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आधी फोन करून विचारा, हे धातू तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता. अर्ज कानडीत असतो. अडलं तर पंचायतीतलं पोरगं भरून देतं. खासगीत द्यायचं तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघा, आणि नुसता शिक्का नको: मान्यता नेमक्या कोणत्या धातूसाठी आहे ते एनएबीएलच्या वेबसाइटवर त्या प्रयोगशाळेच्या यादीत दिसतं. बेळगावात जमलं नाही तर नमुना पुण्याला कुरिअरनं पाठवता येतो. आम्ल घातलेला असेल तर प्रवासात बिघडत नाही. तपासणी आयसीपी-एमएसवर, म्हणजे अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, होणार का विचारा. प्रत्येक धातूचे पैसे वेगळे लागतात, म्हणून ‘सगळं करा’ म्हणू नका. लोह, मँगेनीज आणि शिसं, एवढ्यावर तुमचं काम भागेल.

रिपोर्ट आला की ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट) शब्दावर खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की आमच्या यंत्राला दिसलं नाही. शेजारी यंत्र किती बारीक बघतं तो आकडा मागा. शिशासाठी तो ०.०५ असेल आणि मर्यादा ०.०१, तर त्या बीडीएलला काही किंमत नाही.

एक विचारलं नाहीत, तरी सांगतो. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं. संडासाचा शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर धातूंपेक्षा जंतूंची शक्यता कितीतरी जास्त. पंचायतीकडं छोटी बाटली मिळते, पाणी भरून दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित. ती आधी करा, फुकटात होते. आणि उकळण्यानं जंतू मरतात, धातू जात नाहीत; पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. तुरटीवर किंवा कँडल फिल्टरवर विरघळलेल्या शिशासाठी भरवसा नको. आरओनं ते बरंच जातं, हे त्या विक्रेत्याचं खरं. पण निघालं नुसतं लोह, तर पाणी उंचावरून टाकीत पाडा, रात्रभर निवळू द्या आणि वाळूच्या फिल्टरमधून घ्या. त्याला मशीन लागत नाही.

रिपोर्ट आला की नाव-पत्ता झाकून फोटो इथं टाका, यंत्राच्या मर्यादेचा रकाना दिसेल असा.