न्यूझीलंडला दोघंच कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, गेलो तर दिवसाला किती ठिकाणं धरावीत?

एक. खरं तर ठिकाण नाहीच, एक रस्ता धरा. तुम्ही यादीत टी अनाऊ हे गाव, मिलफर्ड साउंड ही डोंगरकड्यांमधली समुद्राची खाडी आणि क्वीन्सटाउन हे शहर एकाच दिवशी टाकलंय, त्यातलं क्वीन्सटाउन आधी खोडा.

आम्ही टी अनाऊहून मिलफर्ड साउंडला गेलो तो दिवस सांगते. अंतर जेमतेम 120 किलोमीटर. नवरा म्हणाला, दोन तासांत पोचू. साडेपाच लागले, आणि रस्ता अगदी गुळगुळीत होता.

निघालो आणि पहिल्याच वळणाला मागे धडाम! भांड्यांच्या कप्प्याची खिट्टी लावायची राहिली होती. पातेलं, ताटल्या, पोह्यांची फुटलेली पिशवी, सगळं खाली. पोहे पुढे चार दिवस गादीत सापडत होते. तेव्हापासून निघताना एकाने "गॅस, खिट्ट्या, खिडक्या" असं मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं. भांडणं निम्म्यावर आली.

एग्लिंटन खोऱ्यातून जाताना मिरर लेक्सपाशी थांबाच. तळ्याकाठच्या पाटीवर नाव उलटं रंगवलंय, ते पाण्यात सुलटं वाचता येतं. वारा पडलेला असेल तरच. आम्ही फोटोसाठी श्वास रोखून उभे, तर एक बदक आलं आणि बरोबर अक्षरांवरून रेघ ओढून गेलं. पुढे लेक गनच्या काठी चहा टाकला. स्वतःचं आधण आणि समोर तळं, कॅम्परचे पैसे तिथे वसूल झाले.

मग होमर बोगदा. 1935 साली कुदळ-फावड्याने सुरू केलेलं काम, वाहतुकीला खुला झाला 1954 मध्ये. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, पण भिंती उघड्या खडकाच्या, पाणी ठिबकतंय, आणि मिलफर्डकडे चांगलाच उतार. खालच्या गिअरमध्ये चालवा. बोगद्याआधी सिग्नलला थांबलो तर केआ, म्हणजे तिथले डोंगरी पोपट, थेट टपावर. दिसायला गोजिरे, पण खिडकीचं रबर सोलून काढतात. खायला देऊ नका, कितीही लाडात आले तरी.

खाडीतल्या फेरीची बोट मुद्दाम दुपारी तीनची घेतली. तोवर क्वीन्सटाउनहून आलेल्या सहलीच्या बस परतीला लागलेल्या असतात. पाऊस होताच. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा! हिरमुसू नका. पाऊस असला की कड्याकड्यावरून धबधबे सुटतात. कोरड्या दिवशी मोजकेच दिसतात. स्टर्लिंग धबधब्याखाली बोट इतकी जवळ नेतात की माझा चष्मा आंधळा झाला.

डिझेल टी अनाऊलाच भरा. वाटेत मोबाइलला रेंजही जवळजवळ नाही. रात्री रस्त्याकडेला कुठेही गाडी लावून झोपता येत नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. आम्ही मागे वळून कॅस्केड क्रीकच्या सरकारी कॅम्पसाइटवर मुक्काम केला.

तिथे पिठलं टाकलं. दार उघडलं तर सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, झुंडीने आत. बंद ठेवलं तर फोडणी कोंडते. आम्ही बंद ठेवलं. गाडी परत देईपर्यंत पांघरुणाला हिंगाचा वास होता.