कोविशील्डच्या दुष्परिणामांची बातमी वाचल्यापासून सरकारच्या शब्दावर विश्वास उरलेला नाही. नऊ महिन्यांच्या मुलीला गोवर-रुबेलाची लस द्यावी का?

अवश्य द्यावी. ही लस कोविशील्डहून अगदी वेगळ्या प्रकारची असून अनेक दशके वापरात आहे, आणि गोवर लहान मुलांच्या फुप्फुसांवर व मेंदूवरही जाऊ शकतो. तरीही ‘आमच्यापासून लपवले’ ही आपली तक्रार मी झटकून टाकणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना तिचे मूळ मी जवळून पाहिले आहे.

कोविशील्ड ही मुळात ॲस्ट्राझेनेका कंपनीची लस. तिच्यामुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, ही कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात दिलेली कबुली २०२४ मध्ये आपल्याकडे गौप्यस्फोट म्हणून छापून आली. वास्तविक रक्ताच्या गुठळ्या होणे आणि सोबत प्लेटलेट्स घटणे हा या लसीचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामक संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजीच सांगितले होते. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ रोजी दहा लाख डोसांमागे ०.६१ असे प्रमाण जाहीर केले आणि लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखले, हातपाय सुजले किंवा डोके असह्य दुखू लागले, तर लस घेतलेल्या केंद्राला कळवावे, असे आवाहन केले. परंतु दिल्लीतले ते पत्रक, लस टोचून झाल्यावर अर्धा तास बाकावर बसवलेल्या माणसापर्यंत क्वचितच पोहोचले. त्याला ‘ताप आला तर गोळी घ्या’ एवढेच ऐकायला मिळाले. जे तेव्हा दोन वाक्यांत सांगता आले असते, ते तीन वर्षांनी वर्तमानपत्रातून कळल्यावर माणसाला फसवल्यासारखे वाटणारच, आणि हा दोष मी यंत्रणेचाच मानतो.

डेन्मार्कने तर एप्रिल २०२१ मध्ये ही लस आपल्या मोहिमेतून वगळली आणि त्याची कारणे लोकांसमोर मांडली. हाताशी दुसऱ्या लसी असल्यामुळे त्यांना ते परवडले. दुसऱ्या लाटेत होरपळणाऱ्या भारताला परवडले नसते. मात्र कारणे मोकळेपणाने सांगणे आपल्यालाही शक्य होते.

बालकांच्या लसीकरणात नर्सताईंनी पालकांना चार गोष्टी सांगाव्यात असा दंडकच आहे: कोणती लस दिली व ती कोणत्या आजारासाठी आहे, काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करावे, पुढच्या वेळी कधी यावे, आणि कार्ड जपून ठेवावे. गर्दीत दुसरी गोष्ट हमखास राहून जाते, म्हणून ती आपण होऊन विचारा. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर ताप किंवा बारीक पुरळ बहुधा आठवड्याभराने येते, तोवर लसीचा विषय पालकांच्या डोक्यातून गेलेला असतो. तसे काही दिसले, विशेषतः ताप चढत गेला किंवा आकडी आली, तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या आणि लस दिल्याची तारीख सांगून त्या त्रासाची नोंद करून घ्यायला लावा.