तबला लावावा कसा, ऐकावा कुणाचा?

प्रश्न : पावसाळ्यात माझा तबला एका बाजूला चढा, दुसऱ्या बाजूला उतरलेला बोलतो. ठोकला की आणखी बिघडतो. आणि सध्या ऐकावं कुणाला?

उत्तर : दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) स्वरात उतरते. स्वर बराच उतरला असेल तर आधी आठही गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे थोडे खाली ठोका. बारीक फरकासाठीच गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी): वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. बहुतेक जण एकाच घरावर (गजऱ्यातल्या दोन वाद्यांमधल्या जागेवर) ठोकत राहतात, समोरचं तपासतच नाहीत, तिथेच बिघडतं. चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) ‘ना’ हा बोल वाजवत एक घर लावा, मग त्याच्या बरोबर समोरचं, मग आडवी जोडी. हातोडी चाटेवर किंवा शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) बसली तर पुडी गेलीच.

ऐकायला जुन्या पिढीतले तबलावादक अहमदजान थिरकवा घ्याच. बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत त्यांनी अनेक वर्षं साथ केली. त्यांच्या कायद्यांत (विस्तार करत वाजवायच्या बोलरचनांत) लय वाढली तरी प्रत्येक बोल सुटा, स्वच्छ राहतो. काय तो हात! मनगटाच्या दाबाने डग्गा (डाव्या हाताचं, खर्जातलं वाद्य) कसा बोलतो हे झाकिर हुसेन यांच्या ध्वनिमुद्रणांत ऐका. पहिल्या खेपेस कान फक्त डग्ग्याकडे ठेवा.