स्वरतंतूंची शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्षभर आवाज घोगरा आहे आणि दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी आढळल्या आहेत. त्या काढून घ्याव्यात का?

उत्तर : एवढ्यात नको. मोठ्याने बोलताना स्वरतंतू जिथे सर्वाधिक जोराने एकमेकांवर आदळतात, तिथे पडलेले ते घट्टे आहेत. बोलण्याची सवय तीच राहिली, तर काढलेल्या गाठी पुन्हा येतात. आधी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नियमित व्यायाम शिका आणि वर्गात लहान माइक वापरा. अनेकींना शस्त्रक्रिया लागतच नाही.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन करते. एका स्वरतंतूवर पॉलिप (मऊ, फुगीर गाठ) आहे. शस्त्रक्रियेने तार सप्तक कायमचे जाईल का?

उत्तर : आपली भीती निराधार नाही. स्वरतंतू ही नुसती तार नव्हे. वर पातळ आवरण, त्याखाली जेलीसारखा मऊ थर आणि आत घट्ट तंतू व स्नायू अशी त्याची रचना जपानच्या मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये उलगडून दाखवली. आवरण त्या मऊ थरावर लाटेसारखे सरकते, म्हणून सूर उमटतो; मात्र तो थर कापला गेला, तर व्रणामुळे आवरण आतल्या तंतूला चिकटते, लाट तिथेच अडते आणि हे नुकसान भरून काढणे फार कठीण असते. म्हणूनच पूर्ण भूल देऊन, तोंडातून, सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिप केवळ मुळापाशी काढतात आणि खालच्या थराला शक्यतो हात लावत नाहीत. गायिका अ‍ॅडेल यांच्यावर 2011 मध्ये बॉस्टनला शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्या ग्रॅमी सोहळ्यात गायल्या. तरीही हमी कोणीही देऊ नये. हळुवार लावलेले वरचे सूर सर्वांत आधी बिघाड दाखवतात, त्यामुळे स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर पाहण्याची तपासणी) आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवा.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर मौन किती दिवस? कुजबुजलेले चालते का?

उत्तर : साधारणतः काही दिवस ते आठवडाभर, नेमका काळ आपले शल्यविशारद सांगतील. कुजबुजू नका, कारण त्यात पुष्कळजण घसा आवळतात. खाकरणेही टाळा. तोंडातून घातलेल्या उपकरणाच्या दाबामुळे जीभ काही काळ बधिर वाटू शकते. रियाज मात्र पुन्हा तपासणी झाल्यावरच सुरू करावा.

प्रश्न : वडील साठ वर्षांचे असून धूम्रपान करतात. दोन महिने आवाज बसलेला आहे. वाट पाहावी का?

उत्तर : एक दिवसही नको. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या आणि संशयास्पद चट्टा दिसल्यास बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करा. स्वरतंतूचा कर्करोग आवाज लवकर बदलतो, आणि तेव्हाच सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.