वाचक विचारतात: सॉफ्टवेअर बदलताना जुन्या एडिट्सचे काय?

प्रश्न: मी हौशी छायाचित्रकार आहे. अडोबीच्या लाइटरूम 6 या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हजारो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो एडिट केले आहेत. नव्या कॅनन कॅमेऱ्याच्या सीआर3 (कॅननचा रॉ प्रकार) फाइल त्यात उघडत नाहीत, म्हणून डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरकडे वळायचे आहे. जुनी मेहनत जशीच्या तशी तिकडे येईल का?

उत्तर: नाही, आणि हे आधीच कळलेले बरे. लाइटरूम रॉ फाइलच्या चित्राला हात लावत नाही. ‘एक्स्पोजर +0.70, शॅडोज +40’ अशा सूचना कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, नोंदल्या जातात आणि त्यांचा अर्थ लाइटरूमच्याच गणितात लागतो. क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह, ग्रेन, स्टार, रंगाचे लेबल, कीवर्ड अशा काही गोष्टी डार्कटेबल वाचते, तरी फोटो हुबेहूब जुळत नाही. हायलाइट-शॅडोचे काम तर पुन्हाच करावे लागते.

म्हणून जुने सॉफ्टवेअर काढण्याआधी त्यातून शक्य तेवढे बाहेर काढा. प्रथम कॅटलॉगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. लाइटरूम 6 मधले फ्लॅग (निवडीची खूण), कलेक्शन (फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटची नोंद) आणि हिस्टरी एक्सएमपी फाइलमध्ये (रॉ फाइलशेजारी राहणारी एडिट्सची नोंद) जात नाहीत. तेव्हा फ्लॅग लावलेले फोटो फिल्टर करून त्यांना स्टार किंवा रंगाचे लेबल द्या, प्रत्येक कलेक्शनच्या फोटोंना त्याच नावाचा कीवर्ड लावा आणि त्यानंतरच लायब्ररीच्या ग्रिडमध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. ग्रिडमध्येच, कारण एकच फोटो मोठा करून पाहताना ही आज्ञा त्या एकाच फोटोला लागू होते. बाकीच्यांची नोंद राहून जाते आणि ते महिनोन्‌महिने ध्यानातही येत नाही. रॉ फाइलशेजारी एक्सएमपी फाइल दिसू लागली की काम झाले. डार्कटेबल ही फाइल फोटो पहिल्यांदा इम्पोर्ट करतानाच वाचते, म्हणून इम्पोर्टची घाई नको.

व्हर्च्युअल कॉपी आणि अतिशय आवडते फोटो 16 बिट टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल प्रकार) एक्स्पोर्ट करा. 24 मेगापिक्सेलचा एक फोटो कॉम्प्रेशनशिवाय सुमारे 144 एमबी होतो (2.4 कोटी पिक्सेल, तीन रंग, प्रत्येकी दोन बाइट), त्यामुळे निवड काटेकोर हवी. उरलेल्यांना 90 क्वालिटीचे जेपेग पुरे.

प्रश्न: माझीही अडचण तीच, पण फक्त सीआर3 पुरती. तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलावे का?

उत्तर: गरज नाही. लाइटरूम 6 चे शेवटचे अपडेट 2017 चे आणि सीआर3 आले 2018 मध्ये, म्हणून ते उघडत नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल अडोबीच्या डीएनजी प्रकारात बदलणारे सॉफ्टवेअर) मोफत मिळतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपॅटिबिलिटी ‘कॅमेरा रॉ 7.1 आणि पुढे’ अशी ठेवून फाइल बदला, लाइटरूम 6 ती उघडेल. मूळ सीआर3 मात्र पुसू नका.

प्रश्न: डार्कटेबलमध्ये फोटो आधी छान दिसतो आणि डार्करूममध्ये (एडिटिंगच्या भागात) उघडला की फिका पडतो. बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही. लाइटटेबलमध्ये (फोटो चाळण्याच्या भागात) सुरुवातीला दिसते ती कॅमेऱ्याने रॉमध्ये घातलेली जेपेग. डार्करूममध्ये कच्चा डेटा येतो. त्यावर कॅमेऱ्याचा कॉन्ट्रास्ट नसतो, रंगही उठावदार नसतात. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने चेहरा किंवा मुख्य विषय योग्य उजेडात आणा. त्या वेळी आकाश पांढरे पडले तरी थांबू नका, पुढच्या पायरीत टोन मॅपिंग (उजेडाचा पल्ला पडद्यावर मावेल असा करणे) ते आवळते. त्यासाठी सिग्मॉइड किंवा फिल्मिक या मॉड्यूलांपैकी एकच चालू ठेवा. दोन्ही चालू राहिली तर उजेड दोनदा दाबला जाऊन फोटो राखाडी होतो. सुरुवातीला सिग्मॉइड सोपे. शेवटी कलर बॅलन्स आरजीबीमध्ये ‘बेसिक कलरफुलनेस’ हा प्रीसेट लावा आणि जमलेली मांडणी स्टाइल म्हणून साठवा, म्हणजे पुढचे फोटो तिथूनच सुरू करता येतील.