पहिल्याच भेटीत नवऱ्यासमोर काय काय विचारतील?

वंध्यत्व तज्ज्ञांकडे जाण्याआधी फोनवर येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. तपासणी दुखते का? त्याच दिवशी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायला सांगतील का? तेहतिशीतल्या एकीने मात्र विचारलं, "मॅडम, मी एकटीच आले तर चालेल का?" दीड वर्ष प्रयत्न चालू होते. नवरा यायला तयार होता, तिलाच तो बरोबर नको होता. बरंच आडवळणाने बोलून झाल्यावर कारण कळलं: लग्नाआधी गोळ्या घेऊन तिने एक अबॉर्शन केलं होतं आणि नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी म्हटलं, दोघंही या. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं. नुसत्या बाईच्याच तपासण्या करत राहिलं की महिने वाया जातात.

"आणि ते अबॉर्शनचं?"

"डॉक्टरांना सांगायचंच. नवऱ्याला सांगायचं का, ते तुम्ही ठरवा."

डॉक्टरांना ते कशाला हवं? नंतर संसर्ग झाला असेल, गर्भाशय साफ करावं लागलं असेल, तर गर्भनलिकांना किंवा आतल्या अस्तराला इजा झालेली असू शकते. शिवाय एकदा गर्भ राहिला होता, ही तशी उपयोगाचीच माहिती. ही गोष्ट डॉक्टरांनी तुमच्या परवानगीशिवाय जोडीदाराला सांगायची नसते. आधीच फोन करून "मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" असं सांगून ठेवता येतं. त्यात कुणाला नवल वाटत नाही. आणि ती माहिती दोघांच्या फाइलवर लिहू नका, असंही स्पष्ट सांगायचं. फाइल घरी जाते, कुणीही उघडते, हे घाईत दवाखान्यातल्यांच्याही लक्षात राहत नाही.

त्या दिवशी दोघं शेजारी बसून फॉर्म भरत होते. 'याआधी गर्भ राहिला होता का?' या ओळीवर तिचं पेन अडलं. तिने ती जागा कोरी सोडली आणि पुढे पाळीच्या तारखा लिहायला लागली. ठरल्याप्रमाणे.

आत गेल्यावर अर्धा वेळ बोलण्यातच जातो. पाळी किती दिवसांनी येते, दुखते का, आधीची ऑपरेशनं, चालू औषधं, दारू-सिगारेट. मग, "संबंध आठवड्यातून किती वेळा येतो?" नवरा छताकडे बघायला लागला. तिथे खोटे आकडे सांगणारे पुष्कळ भेटतात. संबंध जमतच नसेल किंवा दुखत असेल, तर तेच आधी सांगा. त्याचे उपाय वेगळे असतात.

सोनोग्राफी बहुधा योनीमार्गे होते, लघवी करून या म्हणतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, काही मिनिटांत आटोपतं. त्या खोलीत ती एकटी होती, तिथेच तिने सांगून टाकलं. डॉक्टरांनी विचारलं, नंतर ताप आला होता का, क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय साफ, करावं लागलं का. दोन्ही नाही. मग त्यामुळे आत्ता अडलं असण्याची शक्यता फार कमी, असं त्या म्हणाल्या.

अंडाशयात किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देणारं रक्तातलं एएमएच कधीही तपासता येतं. एफएसएच हे दुसरं संप्रेरक पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात, पण ते नंतरही करता येतं; म्हणून पाळीची तारीख बघून अपॉइंटमेंट पुढे ढकलत बसू नका. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर डॉक्टरांकडे जायला वर्षभर प्रयत्न करत थांबायचं नसतं, 6 महिने पुरेत. नलिकांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, नंतर, पाळी संपल्यावर. नवऱ्याच्या वीर्य तपासणीआधी 2 ते 7 दिवस वीर्यपात झालेला नसावा लागतो. दवाखान्यात नमुना देणं जमत नसेल तर घरून आणता येईल का ते विचारा. तो तासाभरात आणि अंगाच्या उबेत पोचावा लागतो. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मध्यंतरी जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचाही परिणाम दिसतो. डॉक्टर तपासणी पुन्हा करून बघतात.

आयव्हीएफचं नावही त्या भेटीत निघालं नाही. दोन्ही नलिका बंद असल्याचे जुने रिपोर्ट हातात असतील तर निघू शकतं, तेव्हाही "घरी विचार करून सांगतो" म्हणायची मुभा असतेच.

तिचं थायरॉइड बिघडलेलं निघालं, गोळी सुरू झाली. नवऱ्याचा रिपोर्ट बरा आला. अबॉर्शनचं त्याला सांगितलं की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही.